बिनपट्ट्याचा टॉवेल

आमच्या घरात जगाचा नकाशा कधीच नव्हता. मोठ्या देशाच्या आरमारी गोद्या कुठं कुठं आहेत हे मला कळलं ते टॉवेलाच्या पट्ट्यांवरून.

अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात मला बावीस वर्षं झाली. शिलाई खात्यात मी तपासणीला असते. मागावरून उतरलेलं लांबलचक कापड कापतात, कडा दुमडून शिवतात आणि मग तो टॉवेल माझ्या टेबलावर येतो. कड सरळ आहे का, टाका सुटलाय का, कुठं धागा ओढला गेलाय का, एवढं बघायचं आणि पुढं सरकवायचा. आमचा बराचसा माल दुबईच्या एका व्यापाऱ्याकडं जातो. तो व्यापारी जगातल्या सगळ्यात बलाढ्य देशाच्या आरमाराला टॉवेल, चादरी, उशीचे अभ्रे पुरवतो. हा देश स्वतःचा किनारा सोडून हजारो कोसांवर दुसऱ्यांच्या दारात गोद्या बांधून बसलेला आहे आणि प्रत्येक गोदीच्या टॉवेलाला वेगळ्या रंगाचा पट्टा असतो. निळा पट्टा म्हणजे महासागराच्या मधोमध असलेलं बेट. हिरवा म्हणजे आखातातली गोदी. तांबडा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा. तिथं शेजारीच दुसऱ्या एका मोठ्या देशानं आपली गोदी उभी केली आणि तेव्हापासून तांबड्या पट्ट्याची मागणी जी वाढली ती वाढलीच. भवानी पेठेत शेजाऱ्यानं माडी चढवली की समोरचा गच्चीवर पत्र्याची खोली तरी टाकतोच, त्यातलाच प्रकार.

असे पट्टे बघता बघता मी शहाणी झाले. एकदा हिरव्याची मागणी मधेच थांबली. मी जेवणाच्या सुट्टीत सहज म्हणाले, "गोदीतली जहाजं बाहेर पडली असणार, अंघोळीला माणसंच नाहीत तर टॉवेल कुणाला?" चार दिवसांनी पेपरात आलं, त्या देशाची जहाजं सामुद्रधुनीकडं निघालीत. दुसऱ्या वेळी रंगीत, मोठ्या टॉवेलांची मागणी आली तेव्हा मी सांगितलं की आता तणाव निवळला, खलाशांना वाळूत लोळायला सुट्टी मिळणार. तेही खरं निघालं. मग काय विचारता! खात्यातल्या ज्या बायकांचे नवरे, भाऊ आखातात होते त्या चहाच्या वेळी माझ्याभोवती गोळा व्हायच्या. "आक्का, काय म्हणतोय माल?" मी टॉवेल उजेडात धरून उगाच जरा वेळ बघायची आणि मग सांगायची. आवडायचं मला ते, खोटं कशाला बोलू. बारावीनंतर मला कुणी काही विचारलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ हिरव्या गोदीवर होता. आमचे वडील करकंबहून सोलापुरात आले ते मागावर कामाला. भाऊही मागावरच लागला. दहा वर्षांत कापसाचं तूस त्याच्या छातीत इतकं बसलं की बोलताना शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी सांगितलं, माग सोडा नाहीतर छाती सुटणार नाही. मग मीच एका एजंटाच्या पायऱ्या झिजवल्या आणि त्याला गोदीवरच्या धुलाईखान्यात चिकटवून दिलं. त्याच्याबरोबर नातेपुत्याचा एक जण होता, पुढं दोघांचं भावासारखं जमलं. जाताना भावाला एका कागदावर सही करावी लागली की ठिकाणाचं नाव कुणाला सांगायचं नाही. त्यानं मला सांगितलं, पण मी इथं लिहीत नाही. त्याची सही आहे.

मी तपासलेले टॉवेल तो धुवायचा. फोनवर आमचं हेच चालायचं.

"आक्का, तुमच्या कारखान्याचा माल आज मशिनीत हुता. एकाची कड उसवली हुती बघ."

"तुमच्या मशिनीनं फाडली असंल. माझ्या टेबलावरनं तसला टॉवेल जात न्हाय."

"व्हय व्हय, तू सोडतीस व्हय!"

त्याची शिट्टी थांबली होती. फोनवर त्याचा स्वच्छ श्वास ऐकू आला की मला माझ्याच पाठीवर थाप मारून घ्यावीशी वाटायची. तो तिथलं सांगायचा. मधे समुद्राचा पट्टा, या बाजूला मोठ्या देशाची राखाडी जहाजं, त्या बाजूला समोरचा देश. तो देश म्हणतो, हा समुद्र आमच्या अंगणातला, तुम्ही कुठले? हे म्हणतात, आम्ही सगळ्या जगाच्या जहाजांची राखण करतो. दोघंही बंदूक रोखून बसलेले आणि मधे हे धुलाईवाले, स्वयंपाकी, झाडूवाले, सगळे आपल्याकडचे.

त्या जानेवारीत आई गड्ड्याच्या जत्रेतून घाबरून आली. आमच्याकडं सिद्धेश्वराच्या जत्रेत होमानंतर भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, त्याच्यापुढं धान्य, फळं, गूळ ठेवतात आणि ते काय खातं, कसं वागतं यावरून वर्ष कसं जाणार ते सांगतात. आईनं कुणाकडून तरी ऐकलं होतं की यंदा वासरू थरथर कापलं आणि कशालाच तोंड लावलं नाही.

"लढाई हुणार बघ," आई म्हणाली. "पोराला बोलवून घे."

"आई, वासराला आरमारातलं काय कळतंय?" मी म्हणाले. "तेवढ्या गर्दीत, दिव्यांत तूपण कापशील."

"मग तुझ्या टॉवेलाला कळतंय व्हय?"

मी हसले.

पुढच्याच आठवड्यात कारखान्यात मोठी मागणी आली. आजवर एवढी कधी आली नव्हती. लहान आकार, जाड, पाणी शोषणारा, पांढराशुभ्र आणि पट्टा नाही. शिवाय घाई. दोन पाळ्या लागल्या, सुट्ट्या रद्द झाल्या, मालकांनी सगळ्यांना पेढे वाटले. बायका माझ्याभोवती जमल्या. मी एक टॉवेल उजेडात धरला. हात लावला तर लोण्यासारखा मऊ. मी म्हणाले, "पट्टा न्हाय म्हणजे एका गोदीचा न्हाय, सगळ्या गोद्यांचा आहे. आणि एवढा मागवलाय म्हणजे माणसं मुक्काम करणार. लढाईला निघालेला माणूस कधी टॉवेल मागवतो व्हय गं?" सगळ्या हसल्या. पेढ्याचं तूप लागलेला हात पदराला पुसून मी पुन्हा कामाला लागले.

त्याच दिवसांत भावाचा फोन आला. मंगळवार होता, मी नुकतीच कामावरून येऊन पाय धूत होते.

"आक्का, हितं कागद फिरलाय. ज्याला घरला जायचंय त्यानं शुक्रवारपतूर नाव द्यायचं. तिकीट कंपनी देती म्हणं. नंतर कुणाला सोडणार न्हाईत."

"का? काय झालंय?"

"काय सांगत न्हाईत. वातावरण गरम हाय एवढंच. नातेपुत्याचा म्हणतोय, आक्काला विचार. तितं माल कसला चाललाय?"

मी त्याला सगळं सांगितलं. मोठी मागणी, दोन पाळ्या, पेढे. आईनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि म्हणाली, "ये बाबा, निघून ये. वासरू बिथरलंय." मी फोन परत घेतला. आलास की पुन्हा मागावर जाशील, हे माझ्या डोक्यात होतं. पुन्हा ते तूस, पुन्हा ती शिट्टी, आणि एजंट एकदा मधेच सोडून आलेल्याला दुसऱ्यांदा पाठवत नाही. पण तेवढंच कारण नव्हतं. पायाशी पाण्याची बादली, ओलं लुगडं धरून उभी असलेली मी, आणि तिकडं समुद्रापार दोन पुरुष माझ्या शब्दासाठी खोळंबलेत. याची चव मला लागली होती.

"थांब," मी म्हणाले.

"थांबू म्हणतीस?"

"थांब की. काय हुत न्हाय."

मग म्हणाला, "बरं."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. माझा तर उंटही नव्हता, लाकडी स्टूल होतं.

माल गेला. महिनाभर भावाचे फोन येत राहिले, पण तो कमी बोलायचा. मग एका दुपारी मी टेबलावर असताना मोबाइलवर त्याचा संदेश आला. तो मी अजून पुसलेला नाही.

"आक्का तुमचा माल आला. पट्टा नाही. दवाखान्याच्या तंबूत ठेवायला सांगितलाय. जहाजं सगळी गेली. आमचे फोन जमा करून घेणार आहेत. आईला सांगू नको."

माझ्या हातात त्या वेळी हिरव्या पट्ट्याचा टॉवेल होता. मी त्या पट्ट्याकडं बघत राहिले. पट्टा कशासाठी घालतात, हे बावीस वर्षांत मी किती नव्या बायकांना शिकवलं असेल! धुलाईत टॉवेल एकमेकांत मिसळू नयेत, कुठला कुठं परत जायचा ते कळावं म्हणून पट्टा. मग ज्याला पट्टाच नाही तो धुवून परत जायचा नसतो. एकदा वापरायचा आणि टाकून द्यायचा. असा एकदाच कशाला वापरतात, एवढ्या संख्येनं, एवढा मऊ? रक्त टिपायला. हे शिवण शिकायला आलेल्या पोरीलाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मी शहाणी होते. अती शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि इथं बैल नव्हता, माझा भाऊ होता.

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. टेबल सोडून बाहेर अंगणात जाऊन लावला, जणू तिथून समुद्र जवळ होता. मग मी मॅनेजरांच्या खोलीत शिरले. म्हटलं, दुबईच्या व्यापाऱ्याला विचारा, त्याची तिथं ओळख असेल, माझ्या भावाला बाहेर काढायला सांगा. मॅनेजर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, आपण टॉवेल विकतो. त्यांना विचारणारे आपण कोण?" एजंटाकडं गेले तर तो म्हणाला, शुक्रवार होऊन महिना झाला, तुम्ही तेव्हा का नाही आला. त्याच्या टेबलावर मी डोकं आपटून घेतलं. खरंच आपटलं, कपाळाला टेंगूळ आलं. त्यानं फक्त कागद बाजूला घेतले.

आईला सांगितलं नाही. टेंगळाचं कारण मागाच्या खांबावर घातलं.

नऊ दिवसांनी सकाळी कामावर गेले तर कँटीनमधल्या टीव्हीसमोर गर्दी होती. समोरच्या देशानं पहाटे गोद्यांवर क्षेपणास्त्रं टाकली होती. पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर तांबडे बाण. निळी, हिरवी, तांबडी म्हणून ज्या गोद्या मी वर्षानुवर्षं बोटांनी ओळखत होते त्या मी पहिल्यांदा नकाशावर बघितल्या. बातम्या देणारा सांगत होता की जहाजं आधीच हलवल्यामुळं मोठं नुकसान टळलं. जहाजं वाचली. धुलाईखाना कुणी हलवला नव्हता. माझ्याभोवतीच्या बायकांपैकी कुणीही माझ्याकडं बघितलं नाही आणि कुणी काही विचारलंही नाही. मी त्यांच्या जागी असते तर मला थोबाडलं असतं.

पुढचे सोळा दिवस कसे काढले ते मला नीट सांगता येत नाही. आईनं देव पाण्यात घातले. देवघरातला टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे तांब्याच्या पातेल्यात. रोज सकाळी ती पाणी बदलायची आणि देवांशी भांडायची. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती मला नुसतं जेवायला वाढायची. कंपनीनं दिलेल्या नंबरावर एक बाई इंग्रजीत आणि हिंदीत सांगायची की यादी तयार होत आहे. मी तिला एकदा म्हणाले, "बाई, माणूस हाय की मेला एवढंच सांगा, यादी नंतर करा." ती म्हणाली, "कृपया प्रतीक्षा करा." तिच्या त्या शांत आवाजाचा मला इतका राग यायचा की मी फोन उशीखाली दाबून धरायची.

कामावर मी जात होते. घरी बसले असते तर वेडी झाले असते. बिनपट्ट्याच्या टॉवेलांची दुसरी खेप लागली होती, पहिलीहून मोठी. ती माझ्याच टेबलावरून जात होती. एकेक टॉवेल हातात आला की वाटायचं, हा कुणाच्या अंगाला लागणार? मी एकही कड वाकडी जाऊ दिली नाही. दुसरं माझ्या हातात काय होतं?

सोळाव्या दिवशी नातेपुत्याच्या त्या गड्याचा फोन आला. तो रडत होता, त्यामुळं आधी काही कळेना. मग कळलं. भाऊ जिवंत होता. धुलाईखान्याची भिंत पडली, बॉयलर फुटला, भाऊ दोन दिवस ढिगाऱ्याखाली होता. हातपाय शाबूत, छाती भाजलेली, आणि दोन्ही कान गेलेले. "आक्का, मी त्याला हाका मारत हुतो," तो म्हणाला, "त्यो माझ्या तोंडाकडं बघत हुता." त्या गड्याला स्वतःला खरचटलंही नव्हतं. म्हणून कंपनीनं त्याला तिथून उचलून तांबड्या पट्ट्याच्या गोदीवर कामाला पाठवलं होतं.

आषाढात भाऊ आला. मी आणि आई स्टेशनवर गेलो. गाडीतून उतरताना त्याच्या डोक्याला, कानांवरून, एक पांढरा कापडाचा तुकडा बांधलेला होता. लांबूनच मी कड ओळखली. लहान आकार, जाड, पट्टा नाही. धुवून धुवून पिवळा पडलेला. इस्पितळातून निघताना त्यानं तो टाकू दिला नव्हता. आई त्याला मिठी मारून काय काय बोलत होती आणि तो हसून मान हलवत होता, आणि मी कानांचं सांगितलं नसल्यामुळं आईला अजून कळलं नव्हतं की त्याला त्यातलं काही ऐकू येत नाही.

आता तो भवानी पेठेतल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसतो. छातीत पुन्हा शिट्टी वाजते, भाजल्यामुळं. त्याला ती ऐकू येत नाही, मला येते. आपला आवाज किती मोठा आहे हे त्याला कळत नाही, त्यामुळं चहा मागितला तरी गल्लीच्या टोकापर्यंत जातो. त्याच्या शेजारी एक वही असते. कुणाला काही सांगायचं असलं की वहीत लिहायचं, तो वाचतो आणि तोंडानं उत्तर देतो. वहीत आईनं वाकड्या अक्षरात लिहिलंय, "भात का पोळी." पोस्टमननं लिहिलंय, "सही." मी काही लिहिलं नव्हतं.

मी दुसरंच करत होते. तो पाठमोरा बसला असला की मागं जाऊन उभी राहायची आणि तोंडानं सांगायची. चुकलं माझं. मला काही कळत नव्हतं. मी मोठेपणासाठी तुला थांब म्हणाले. रोज सांगायची, कधी कधी मोठ्यानं. एकदा शेजारीण दारातून बघून गेली. ज्याला ऐकू येत नाही त्याची माफी मागायला धाडस लागत नाही, हे मला कळत होतं. वहीत लिहायला माझा हात उचलत नव्हता. लिहिलं तर तो वाचेल. वाचलं तर काही म्हणेल. मला त्यानं शिव्या द्याव्यात असंही वाटायचं आणि त्याच्या त्या मोठ्या आवाजाची भीतीही वाटायची.

मागच्या रविवारी मी भाकरी थापत होते. तो ओट्यावरून उठून आत आला आणि मोबाइल माझ्या डोळ्यांपुढं धरला. नातेपुत्याच्या गड्याचा संदेश होता.

"हितंबी कागद फिरलाय. शेजारच्या गोदीवाल्यांशी लई तणातणी चालू हाय. बुधवारपतूर नाव द्यायचंय. आक्काला विचार, माल कसला चाललाय."

भाऊ माझ्या तोंडाकडं बघत उभा होता. उत्तराची वाट बघत, पूर्वी फोनवर थांबायचा तसा. एवढं होऊनही! माझे हात पिठाचे होते. तसेच वही ओढून घेतली आणि लिहिलं. अक्षरं पिठानं भरली.

"मला काही कळत नाही. तेव्हाही कळत नव्हतं. उगाच शहाणपणा केला. माझ्यामुळं तुझे कान गेले. त्याला सांग, माल कसलाही असू दे, आजच नाव दे आणि निघ."

त्यानं ते सावकाश वाचलं. वहीवरचं पीठ फुंकलं आणि पुन्हा वाचलं. मग आधी मोबाइलवर टाइप करून नातेपुत्याच्या गड्याला निरोप पाठवला. पाठवून झाल्यावर माझ्याकडं बघून म्हणाला, "मला तवाच म्हाईत हुतं की, तुला काय कळत न्हाय ते."

मी पेन उचललं. त्याच पानाच्या तळाशी एवढंच लिहिलं, "मग थांबलास का?"

त्यानं वाचलं. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं असावं तसं माझ्याकडं बघितलं.

"तू थांब म्हनलीस की," तो म्हणाला.

त्याला वाटलं तो हळू बोलला. सगळ्या गल्लीनं ऐकलं.